बावड्याचा बेत

लाइटबिलाच्या पाठीमागं यादी सुरू केली:
दुपटी बारा. कानटोप्या दोन, एक हरवणारच म्हणून.
वेखंड. नाचणीचं सत्त्व. थर्मा—
इथं पेन संपलं, आणि रेवू उठली.

धैर्यशील म्हणाला, एकला निघू, तेव्हा ती झोपते.
मी म्हटलं, ती तुझ्या घड्याळात झोपते होय?
हंगाम चालू आहे,
कळ्यापर्यंत उसाच्या ट्रॉल्यांमागं सरकत जायचं,
एकेक ट्रॅक्टर आपलं गाणं
तिच्या कानात ओतणार.
मग ठरलं, पहाटे पाचला.
मग ठरलं, बघू.

डॉक्टर मगदूमांनी छातीला नळी लावली.
"कुठला बावडा?"
गगनबावडा.
"मला वाटलं कसबा. तिथं काय, रिक्षानं जाल."
मग चष्म्यावरून बघत म्हणाले,
"थंडी आहे. पण तिथंही माणसांना मुलं होतच असतील की."
आणि नाकात घालायचे थेंब लिहून दिले.

माळ्यावरून सॅक काढली. साठ लिटरची.
हिच्यात मी पाच दिवस मावायचे,
तांदूळ, स्टोव्ह आणि कुणाला न सांगता निघायची खोड धरून.
आता नुसत्या लंगोटांनीच गळ्यापर्यंत आली.
वरच्या कप्प्यात अर्धी मेणबत्ती,
कागदाला चिकटून बसलेली लिमलेटची गोळी,
एक कुसळ. कुठल्या डोंगराचं, आठवत नाही,
पण अजून टोचतं.
तळाशी निळी दोरी, तीस मीटर.
काढायला गेले, तर हात तिथंच राहिला.
धैर्यशील म्हणाला, "दोरी कशाला?"
मी म्हटलं, "थर्मास कुठाय?"

संध्याकाळी तालीम.
पोटाशी रेवू, पाठीला सॅक,
लिफ्ट चालू असताना चार मजले पायी.
तिसऱ्यावर शिकलगार काकूंनी दार उघडलं,
"बाई, घर सोडून चाललीस काय?"
गच्चीत पोचलो तेव्हा मला धाप, तिला उचकी.
लांब जोतिबाचा डोंगर
आज कुणी पुसून ठेवल्यासारखा.
ते बघ, म्हणून मी बोट दाखवलं.
तिनं बोट बघितलं.
मग ते तोंडात घातलं.
मग तिला तारेवरचा पिवळा चिमटा सापडला,
आणि त्याच्याकडं ती इतका वेळ बघत राहिली
जितका वेळ मी कुठल्याच कड्यावर
गप्प उभी राहिलेली नाही.

रात्री पडवळांना फोन लावला.
घाटाच्या वरच्या अंगाला त्यांच्या दोन खोल्या आहेत.
मी विचारत सुटले:
कड्यापर्यंतची वाट कशी, चढ किती,
कठडा आहे का, वारा कुठल्या बाजूचा.
ते म्हणाले, "बाळ कितव्या म्हयन्यात हाय?"
आठव्या.
"मग वाटंचं मागनं बघू.
पाणी तापवून देतो. मऊ भात घरात करत्याल.
पाळणा हाय आमच्यात, माळ्यावर.
नातवंडं सगळी पुण्यात, सात वर्सं
कोण निजलं न्हाई त्यात.
लाकूड टणक हाय. दोरी तेवढी कुजलीया,
बाजारातनं नवी आणून बांधतो."

"नको," मी म्हटलं, "दोरी आहे माझ्याकडं."
"पाळण्याची?"
पलंगाखालून सॅकचा एक पट्टा बाहेर आलेला,
रेवूनं तो मुठीत धरून
ओढायला घेतलेला.
"व्हय," मी म्हटलं. "पाळण्याचीच."
"वजन पेलंल न्हवं?"
"माझं पेललंय."

पलीकडं थोडा वेळ नुसता रातकिड्यांचा आवाज.
मग ते म्हणाले, "या मग."

तेवढ्यात धैर्यशील थर्मास घेऊन आला.
झाकण नव्हतं.