क्रमांक दोनशे चौदा

मार्थाबाई नर्सच्या वहीत माझा जन्म एका ओळीत आहे.
स्त्री. दोन किलोला शंभर ग्रॅम कमी.
साल त्र्याहत्तर, महिना चैत,
गावात तांबडी मिलो आणि सुकडीची रांग.
रडली का, या रकान्यात : हळू.

ती वही घाटनांदूरच्या दवाखान्यात
फिनेलच्या डब्याखाली होती पंचवीस वर्षं.
डॉक्टर लोमटे तेव्हा कोवळे, नव्यानं बदलून आलेले.
त्यांनी ती उचलली, झटकली,
आणि दारात उभ्यानंच वाचत राहिले म्हणे
अंबाजोगाईची शेवटची यष्टी निघून जाईस्तोवर.

तेव्हापासून आम्ही क्रमांक झालो.
ते पुढं शिकून हृदयाचे प्रोफेसर झाले,
दारावरच्या पाट्या बदलल्या, जीप तीच.
दर चार वर्षांनी उपाशीपोटी रक्त,
छातीवर गार जेली, पडद्यावर उघडझाप करणारं
कैरीएवढं काहीतरी.
"हे तुमचं," ते म्हणायचे,
जशी कुणाची हरवलेली पिशवी परत द्यावी.

कंबरेला टेप लावताना नजर भिंतीवर.
"हातपाय काड्या, अन् पोट तेवढं सुटतंय,
कामून हो?" मी एकदा विचारलं.
टेप गुंडाळत म्हणाले,
द्वारकाबाई, आईच्या पोटातच तुम्ही टंचाई शिकलात.
मिळेल ते पुरून ठेवायचं, अंगानं पाठ केलं.
पुढं रेशन आलं, चहात साखर आली,
दुष्काळ सरला हे अंगाला कुणी सांगितलंच नाही.

या एवढ्या बोलण्यासाठी त्यांची वीस वर्षं गेली.
बाहेरदेशी सभेत कुणी उठून विचारलं,
त्या खेड्यातला काटा बरोबर होता कशावरून?
ह्यांनी वहीचं झेरॉक्स काढलं :
दर सोमवारी बाईनं काटा तपासलाय. सही आहे.

एकशे सत्तावीस झोपेत गेला. एक्क्याण्णव बाजारात.
तीनशे दोनच्या तेराव्याला डॉक्टर आले,
जेवले नाहीत.
यादीत तिच्या नावावर रेघ मारली नाही,
नुसता एक टिंब दिला.

यंदा जीप आली तेव्हा अंगणवाडीच्या तीन पायऱ्यांत
ते दोनदा थांबले.
शर्टाच्या वरच्या गुंडीतून टाक्यांची रेघ दिसली, ताजी.
"तुमचा क्रमांक किती?" मी विचारलं.
"मीही त्र्याहत्तरचाच. केजला, घरातच झालो.
मला कुणी तोललं नाही."

टेप मी हातातून घेतला.
त्यांनी पोट आत ओढलं.
सोडा, म्हटलं, श्वास सोडा, तुम्हीच तर सांगता.
अठ्ठ्याण्णव.
नजर भिंतीवर ठेवून मी तो आकडा मोठ्यानं वाचला नाही.

मग शकिलाची सून आली, दहा दिवसांचं लेकरू घेऊन.
टांगत्या काट्याच्या झोळीत ठेवलं, सुई हलली,
थरथरली, थांबली दोन किलो तीनशेवर.
मी रजिस्टर उघडलं, कानामागची पेन्सिल काढली.

"पेन्सिल नको," मागून डॉक्टर म्हणाले.
"शाई आहे का?"