थंड पाणी

मिरजेत, स्टेशनमागच्या बोळात
दस्तगीर मिस्त्रीनं ब्लॉक उताणा टाकला,
रॉकेलनं पुसला, कोरडा केला,
वरनं खडूची भुकटी फासली
आणि म्हणाला, चल, चहा पिऊन येऊ.

आलो तर पांढऱ्यावर काळी रेघ.
दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरच्या मधे,
चार बोटं, केसाएवढी,
शाळेच्या नकाशात अग्रणी नदी काढतात तशी.

"काटा दिसला न्हाई?"
दिसला.
"मग?"

मग काय.
ढालगावची बाई मागं आडवी,
तिच्या सासूची मूठ माझ्या सीटच्या पाठीवर आवळलेली.
शिरढोण गेलं तेव्हा काटा लालच्या कडेला,
दंडोबाच्या पायथ्याला लालात.
बॉनेटखालून वाफ.
मी बंद केली नाही.
बंद केलेली मार्शल परत चालू होईलच
असं तिनं मला कधी सांगितलं नव्हतं.

भोसे फाट्यावर ढाब्याचं पोरगं कळशी घेऊन धावत आलं.
पहाटेचं बोअरचं पाणी, दात शिवशिवणारं.
फडक्यानं टोपण मीच काढलं, मनगट भाजलं,
मीच म्हणालो, ओत.

मिस्त्री रेघेवर नख फिरवतो.
"तापानं न्हाई फुटलं हे. थंड पाण्यानं फुटलं.
बीड हाय. बिडाला घाई खपत न्हाई,
मदतीची तर मुळीच न्हाई."
थोड्या वेळानं म्हणाला,
"त्या पोराला काय सांगू नगंस."

जुना पंप बाकावर पडलाय, मुठीएवढा.
बेअरिंग खुळखुळतं.
त्याच्या पोटाखाली एक बारीक भोक असतं,
सील गेलं की थेंब बाहेर पडावा म्हणून मुद्दाम ठेवलेलं.
महिनाभर पडत होता.
शेवंतानं गाडीखाली डालड्याचा डबा सरकवला होता,
सकाळी तेवढंच पाणी कढीपत्त्याला.
कढीपत्ता यंदा चांगला फुटला.

रेघेच्या दोन्ही टोकांना मिस्त्रीनं भोकं पाडली.
"आधी तिला सांगायचं, हितपतूर. फुडं न्हाई."
मग विटांची चूल, लोणारी कोळसा,
ब्लॉक रात्रभर निखाऱ्यात.
निकेलचा रॉड, बोटभर टाका, लगेच हातोडी,
टुक टुक टुक,
आणि थांबायचं.
परत बोटभर.
जमीरनं घाम पुसत पंख्याचं बटण दाबलं,
मिस्त्रीनं नुसतं बघितलं,
पंखा बंद.
शेवटी चुन्याच्या भुकटीत अख्खा पुरला.
दोन दिवस उकरायचा नाही.

ते दोन दिवस मला काम नव्हतं.
दवाखाना तिथून चालत दहा मिनिटं.
फाटकापर्यंत गेलो.
वॉचमन म्हणाला, पेशंटचं नाव?
मला फक्त गाव माहीत होतं,
आणि त्या मुठीतल्या हिरव्या बांगड्या.
आलो परत.

तिसऱ्या दिवशी उकरला, तरी कोमटच.
भोकं बुजवून दाबानं पाणी भरलं,
आम्ही तिघं रेघेकडं बघत बसलो,
भाकरी खाल्ली, परत बघत बसलो.
कोरडी.
मिस्त्रीनं हातोडी वाजवली.
आवाज पहिल्यासारखा नाही, जरा जाड.
"टाका हाय. गाणार न्हाई,
पाणी धरील."

नवा पंप नऊशेचा. बाकीचा हिशेब मी इथं लिहीत नाही.

भोसे फाट्यावर गाडी हळू केली, काटा मधोमध.
पोरगं ओळखून धावत आलं, तीच कळशी.
पाणी ओतू?
म्हटलं, मला दे.
उभ्यानंच प्यालो, ओंजळीनं,
मनगटाच्या डागावरून ओघळलं
तरी हात मागं घेतला नाही.