वाघोद्याचं तिकीट

भुसावळच्या स्टँडवरून बस सुटते,
कंडक्टर पुढ्यात येतो आणि मी म्हणते, वाघोदा.
उतरते सावद्याला. आधीच्याच गावाला.
'व' ओठांवरून आपोआप घरंगळतो,
'स' दातांमागे दडून बसतो,
आणि तेवढ्यात अख्खी बस
खिडकीबाहेरच्या केळीबागा बघायला लागते.
नऊ वर्षं भरतेय हे वरचे पैसे.
जिभेचा टोलनाका.

नाव कस्तुरी. तेही 'क'वर.
बारशाला कुणाला काय माहीत.

म्हणून मला इर्वा लागायची.
रात्रपाळीला, केळी पिकवायच्या चेंबरबाहेर,
मोबाइल कॅरेटला टेकवून,
एक डोळा पेट्यांच्या आकड्यांवर ठेवून बघितलेली
उडत्या बेटांची ती कार्टून मालिका, हिंदीत डब केलेली.
त्यात इर्वा वेशीवरची राखणदार.
ड्रॅगनला रोज परवलीचा शब्द सांगायचा,
आणि शब्द काही केल्या निघत नाही.
पहिल्या भागात एक मिनिट चार सेकंद. मी मोजलेत.
मागे संगीत नाही, काही नाही.
ड्रॅगन पंख मिटतो, हनुवटी दगडावर टेकवतो
आणि थांबतो.
पुढचं अक्षर तिच्या तोंडात कोंबत नाही.

माझी वाक्यं सगळ्यांनी पुरी करून दिलीत.
शाळेत, बँकेत, बघायला आलेल्या पाहुण्यांनी सुद्धा.
मी क-क म्हटलं की, 'कडक ना?' म्हणून
चहा समोर येतो.
मला कमी साखरेचा हवा असतो.
पिते.

तिसऱ्या सीझनच्या चौथ्या भागात
तिला एक निळा खडा सापडला.
हात लावला, उजेड पडला,
आणि इर्वा धडाधडा बोलायला लागली.
अकरा सेकंदांत सगळं.
कुणी दचकलं नाही. आई नाही, मैत्रीण नाही.
तीसुद्धा नाही!
पुढच्याच भागात राजपुत्राच्या मिरवणुकीपुढे
ललकाऱ्या देत निघाली,
मग आठ भागांत तिला करायला कामच नाही.
मागच्या गर्दीत, एकाच चेहऱ्याने, टाळ्या वाजवत.

बरी झाली म्हणून राग नाही हो.
खडा मिळाला तर मीही घेईन, उद्याच्या उद्या,
रावेरपर्यंत सगळी गावं मोठ्याने म्हणत जाईन.
पण लिहिणाऱ्याने एकदा तरी तिच्याकडे वळून बघायचं.
इतकी वर्षं जी पोरगी
शब्दाच्या अलीकडे उभी राहिली,
ती पलीकडे गेल्यावर पहिलं काय बोलेल?
कुणाशी?
आणि ड्रॅगन!
निदान त्याला तरी कळायला हवं होतं.

भाचा वेदांग शेजारी बसलेला, सुट्टीला आलेला.
म्हणाला,
'बरी झाली ना व आत्या ते, मंग तू काहून रडते?'
मला उत्तर होतं.
लांब होतं. 'क'ने सुरू होणारं.
तो थोडा वेळ थांबला,
मग पोरगं झोपलं.

त्या रात्री आवक-जावक वहीच्या मागच्या पानावर
मी चौथा भाग परत लिहिला.
इर्वा वेशीवर येते. शब्द म्हणते.
बरोबर, स्पष्ट, एका दमात.
ड्रॅगन डोळे उघडून बघतो.
शब्द तोच आहे. मधलं थांबणं कुठे गेलं?
तो तिला ओळखत नाही.
दार उघडत नाही.
ती पुन्हा म्हणते, आणखी स्पष्ट.
इथपर्यंत लिहिलं आणि
दिल्लीच्या ट्रकने हॉर्न दिला.
चौदा किलोच्या सहाशे चाळीस पेट्या.
आकडे मी बोलत नाही, टाकते.

पुढे काय करायचं तिने, अजून सुचलेलं नाही.
पान तसंच आहे, वर केळीच्या चिकाचा काळा डाग.
आज बसमध्ये नवा कंडक्टर होता, तरणा.
पंच हातात धरून म्हणाला, 'बोला ताई.'
मी तोंड उघडलं.
तो बघत राहिला.
मागून कुणीतरी म्हणालं, 'सावदा असंल.'
मी म्हटलं, वाघोदा.