तुझा वाढदिवस, अंदाजे

आधार कार्डावर तू एक जूनला जन्मलीस.
तुझ्या वर्गातली आणखी बावीस पोरंही एक जूनलाच.
येळ्ळूरच्या मास्तरांनी एका दुपारी
सगळ्यांना एकच दिवस वाटून टाकला.
रेशन कार्डावर तर तू यल्लव्वा.
खिडकीतल्या माणसाने कन्नडातून नाव पुकारलं
तेव्हा तू मागे वळून बघितलंस,
कोण आली म्हणून.

खरं ते तुझ्या आईने सांगितलं होतं,
आपल्याच लग्नात, माझ्या कानाशी लागून:
"बासमती कापायला आलेली.
विळा बांधावर टाकून घरी पळालो बघा, जावईबापू,
आणि ही झाली."
तारीख विचारली, तर म्हणाली,
"तारीख कसली ओ? वास सुटला होता."

एवढाच पत्ता हाती.
म्हणून दिवाळी आटोपली की दरवर्षी
मी सायकल काढतो, आता स्कूटर,
वडगाव मागे टाकून शिवारात शिरतो
आणि नाक वर करून हिंडतो.

यल्लू, वास आता लवकर सापडत नाही.
तुझ्या चुलत्याच्या शेतात प्लॉटचे पांढरे दगड,
पुढे मका, त्याच्या पुढे विटांची भट्टी.
यंदा तीन खेपा रिकाम्या गेल्या.
काल चौथ्या खेपेला, उन्हं उतरताना,
गडाकडून वारा फिरला
आणि आला.
गरम भाताच्या झाकणाखालून येतो तसा,
पण झाकण नाही, चूल नाही,
नुसतं उभं रान.

शेतवाल्याने विचारलं, "काय हरवलंय काय?"
म्हटलं, "नाही, बायकोचा वाढदिवस बघायला आलोय."
त्याने एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा स्कूटरकडे,
आणि चार लोंब्या तोडून दिल्या.

अडतीस वर्षं आपण मागाच्या खडखडाटात काढली.
तू कांड्या भरायचीस, मी धोट्यावर नजर ठेवायचो,
बोलणं सगळं ओठांवरून.
भांडणंसुद्धा.
एकदा तू पलीकडून तावातावाने काहीबाही म्हणत होतीस,
मी अर्धं वाचत होतो, अर्धं सोडून देत होतो,
तेवढ्यात वीज गेली, माग थांबला,
आणि तुझा शेवटचा शब्द
अख्ख्या गल्लीने ऐकला.
तो शब्द इथे लिहीत नाही.
वीज येईपर्यंत आपण अंधारात
पोट धरून हसत बसलो होतो,
आणि शेजारच्या भरमाण्णांना वाटलं
कोणीतरी रडतंय.

त्या मागाने माझा डावा कान नेला,
तुझा उजवा.
ही गोष्ट मी कधी बोललो नाही, आज बोलतो:
रात्री तू माझ्या उजव्या बाजूला निजतेस,
म्हणजे चांगले दोन्ही कान मधोमध येतात.
तुला वाटत असेल ते आपसूक झालं.
मी खाट हलवली होती.
तू माहेरी गेली होतीस तेव्हा.

आज सकाळी पाव किलो कुंदा आणला.
तू विचारलंस, "आज काय आहे?"
दरवर्षी विचारतेस,
आणि दरवर्षी त्याआधीच नवं लुगडं नेसलेली असतेस.
लोंब्या हातावर चोळून हुंगल्यास,
एक दाणा दाताखाली धरलास,
म्हणालीस, "अजून आठ दिवस पाहिजेत ह्याला.
मी थोडी अगोदरच आलो म्हणायचं."

मग कुंद्याची पुडी सोडता सोडता
तू एकदम थांबलीस.
"तुमचा कधी हो?"
माझ्याही कार्डावर एक जूनच आहे.
आणि माझ्या आईला विचारलं तेव्हा
ती म्हणाली होती, सात पोरांत कुणाचं काय लक्षात राहतंय.
पाऊस होता की ऊन, तेही नाही.
वास तर नाहीच.

तू बोटाने कुंद्यावर मधोमध रेघ ओढलीस.
म्हणालीस, "मग आजच धरा."
मोठा भाग माझ्याकडे सरकवलास
आणि जरा वेळाने, मी बघत नाही असं बघून,
त्यातलाच थोडा परत घेतलास.