परमिट

ऑपरेशनच्या आधी भावसार डॉक्टरीणबाईंनी
मला टेबलाच्या काठावर वाकून बसवलं,
पाठीवर गार जेलीचं यंत्र फिरवत म्हणाल्या,
"काका, छाती मधोमध उघडणार आहेत.
त्या दुखण्याची वाट इथे, मणक्याशेजारी अडवते.
बाकीचं अंग जागच्या जागी."

म्हटलं, कळलं.
चौतीस वर्षं पोलोग्राउंडला लाइनमन होतो.
एका गल्लीतल्या कामासाठी
अख्खं इंदूर अंधारात कोण टाकतं?
एक फीडर बंद. परमिट घ्यायचं. चढायचं.

त्या हसल्या. सुई गेली.
मागोमाग नळी, दोऱ्याएवढी, चिकटपट्टीखाली.
मग बर्फात बुडवलेला बोळा
एकेका फासळीवर टेकवत राहिल्या.
गार लागतंय? इथे? आता?
डावीकडे चौथ्या फासळीशी लागलं.
थांबल्या. पाच मिनिटं. पुन्हा बोळा.
घाई नाही बाईला.

मी डोळे मिटून घेतले.
चौऱ्याण्णवचा जून, रामबाग,
सीताराम डाबी खांबाला शिडी लावून विचारतोय,
"बंद है ना, टेंबे भिया?"
मी टेस्टर लावला नव्हता.
"है," म्हणालो.

शुद्धीवर आलो तेव्हा छाती होती,
पण शेजाऱ्याकडून मागून आणल्यासारखी.
आत तारेनं आवळलेलं हाड, वर पट्टी.
कुमुदिनीनं हात ठेवला.
दिसला. लागला नाही.
उशी कवटाळून खोकलो, सिस्टर म्हणाली शाब्बास.
फुंकणीतले दोन चेंडू वर गेले, तिसरा हलला नुसता.
दुखत होता तो पाय,
जिथून शीर काढली.
त्या लाइनचं परमिट कुणी घेतलंच नव्हतं.

तिसऱ्या दिवशी नळी निघाली.
संध्याकाळी सप्लाय आला,
आधी कडेकडेनं, मुंग्यांच्या पायांनी,
मग मधोमध, लख्ख.
"गोळी देऊ?"
म्हटलं, द्या. पण जरा थांबून.

ड्यूटी संपवून जाताना भावसार बाई डोकावल्या.
त्यांना विचारायचं होतं,
बोळा दर वेळी टेकवता का?
हजाराव्या पेशंटलासुद्धा?
खात्री असली, जेवायची वेळ झालेली असली,
आणि खालचा माणूस तुमच्यावर विसंबून असला, तरी?

विचारलं ते एवढंच,
"घरी कधी सोडणार?"