फॉर्म क्रमांक एकशे बारा

एका फॉर्मला बावीस रुपये. चहापाणी आपलं आपण.
प्रश्न दोनच, पण सोळा जणांबद्दल:
याला दुखतं का? हा स्वतः ठरवतो का?
शून्य ते दहा, एका आकड्याला गोल करा.
यादीत म्हैस आहे, खेकडा आहे, सहा महिन्यांचं मूल आहे,
फरशी पुसणारं यंत्र आहे, एक बँक, एक कैदी,
आणि सातव्या ओळीत
अंथरुणाला खिळलेला, ओळख विसरलेला माणूस.

नारायण पेठेत मंगरुळकरांनी
दाराची साखळी न काढता उत्तरं दिली.
बँकेला ठरवण्यात दहा.
दुखण्यात, जरा थांबून, "तीन लिहा.
परवा फार बोललो मी तिला."

बिबवेवाडीत पावसकरबाई म्हणाल्या, खेकड्याला चार.
"नांग्या मोडताना मी खिडकीकडे बघते.
म्हणजे काहीतरी असणारच ना त्याला?"
मग म्हणाल्या, "पाच कर. पण उद्याही आणणार आहे मी."

धनकवडीत यंत्र सोफ्याखाली अडकलं.
"अगं बाई, लागलं का माझ्या गुंड्याला?"
तिने त्याला उचलून घेतलं.
तेवढ्यात ओट्यापाशी भांडी घासणारीचा हात कापला.
तिने तो नळाखाली धरला.
आम्ही दोघींनी फक्त नळ ऐकला.
हे मला खाली पार्किंगमध्ये आल्यावर कळलं.

कैद्यापाशी मात्र सगळे थांबतात.
"केलंय काय त्यानं?"
ते फॉर्मात दिलेलं नाही.
"मग कसं सांगणार, दुखतं का ते?"

मुंढव्याच्या गोठ्यात हनुमंत मुळीक
शेणाचा हात पँटीला पुसत म्हणाला,
"हिचं रेडकू गेलं, तेव्हा कातड्यात पेंढा भरून
पुढ्यात ठेवलं होतं. चाटायची. दूध द्यायची.
चौथ्या दिवशी चाटायचं सोडलं तिनं,
दूध देतच राहिली.
आता ती फसली होती,
का आमची अडचण समजून घेत होती,
सांगा, कुठं गोल करू?"
मी म्हटलं, दोन्ही आकडे लिहा. तसं चालत नाही,
पण म्हटलं.

शेवटचा फॉर्म अप्पर इंदिरानगरला, चढावर.
फैमिदा बागवान. कपडे शिवता शिवता बोलत होत्या.
मशीनच्या पलीकडे खाटेवर त्यांचा भाऊ,
डोळे छताला, मूठ मिटलेली.
सातवी ओळ आली आणि मी आपसूक
खालच्या आवाजात वाचली.
मशीन थांबलं.
"हळू का गं बोललीस?"
त्याला वाईट वाटेल म्हणून, मी म्हटलं.
"मग शून्य तर नाहीच. पण प्रश्न मलाच विचारलास,
त्याच्यासमोर. त्याला नाही."

मला उत्तर आलं नाही.
त्या उठल्या, मूठ उघडली, पेन दिलं.
"इलियास, ही पोरगी विचारतेय, तुला दुखतं का."
पेन बराच वेळ तसंच राहिलं.
कुकरच्या दोन शिट्ट्या झाल्या.
मग एक रेघ निघाली, सातव्या ओळीत सुरू झालेली,
कैद्यावरून, बँकेवरून, यंत्रावरून तिरकी
कागदाबाहेर, चादरीवर.

"सवयीनं हात ओढला असेल," मी म्हटलं.
"असेलही," त्या म्हणाल्या,
आणि त्याचं बोट पदराने पुसलं.

ऑफिसात ठोंबरे सरांनी फॉर्म बाजूला टाकला.
बाद. गोल नाही, आकडा नाही, बावीस रुपये नाहीत.
मी तो मागून घेतला.
नऱ्ह्याच्या खोलीत गादीखाली आहे.
ती रेघ काय होती, मला अजून सांगता येत नाही.

काल नवीन गठ्ठा मिळाला, कात्रजच्या बाजूचा.
पहिल्याच घरात कोपऱ्यात व्हीलचेअर होती.
मी फॉर्म उघडला, घसा साफ केला,
आणि आवाज किती ठेवावा
हेच ठरेना.