शेऱ्याचा रकाना

फलकावर लिहिलंय अभयारण्य.
अरण्य म्हणावं तर तीन वेड्या बाभळी
आणि गुडघ्याएवढ्या तिवरांचा एक पट्टा.
बाकी चिखल,
माहीनं दिवसातून दोनदा सारवायला घेतलेला
आणि दोन्ही वेळा अर्धाच टाकलेला.
अभयाचं मी विचारलं नाही.

दांडिया बाजारातून पहाटे चारला निघाले.
पादऱ्यापर्यंत स्कूटर,
पुढे चतुरभाई पढियारांच्या मोटरसायकलवर मागे,
विद्यापीठाची दुर्बीण मांडीवर,
तान्हं मूल घेऊन बसावं तशी.
पाण्याचं वेळापत्रक छापील होतं माझ्याजवळ :
सहा बावीस, पूर्ण ओहोटी.
चतुरभाईंनी काठावर उभं राहून हवा नाकानं ओढली,
म्हणाले, "ओट अजून बाकी आहे, ताई. चहा घ्या."
सव्वासात झाले.

त्यांचा ओट, माझी ओहोटी.
चार पिढ्या बडोद्यात काढूनही
हा एक 'हो' आमच्याकडे जास्तीचा राहिला.
तो काढला तर उरते ओटी.
पाणी मागे सरल्यावर नदीनं पसरून धरलेली,
तिच्यात निवट्या, बोटाच्या नखाएवढे खेकडे,
डोळ्यांना न दिसणारं पुष्कळसं काही,
आणि ती भरून घ्यायला उतरलेल्या
सैबेरियाकडच्या माहेरवाशिणी.

मोजणी.
शेकाटे दोनशे दहा.
उचाट एकतीस. एक उडाला, तीस.
एक आला. तोच का?
तुतवार सोडून दिले, ते थांबतच नाहीत.
मग दूर, चिखलाला गुलाबी घडी पडल्यासारखे—
चतुरभाई म्हणाले सुरखाब,
मी लिहिलं रोहित,
पक्षी मान उलटी घालून गाळ गाळत राहिले,
दोन्ही नावांकडे पाठ करून.

नियम असा की हद्दीच्या खांबांबाहेरचा पक्षी धरायचा नाही.
नकाशात खांब चौदा.
अकरा दिसले.
बारावा चतुरभाईंनी दाखवला, पाण्यात गळ्याइतका,
डोक्यावर पंख वाळवणारा पाणकावळा.
तेरा, चौदा?
त्यांनी हात नुसता पलीकडच्या काठाकडे हलवला,
लग्न होऊन गेलेल्या मुलींबद्दल सांगताना हलवावा तसा.

एका जागी ते थांबले.
चपला काढून हातात घेतल्या.
चिखल सगळीकडे सारखाच होता, मला तरी.
"इथे विहीर होती आमची.
इकडून त्या बगळ्यापर्यंत बापाचा एरंड."
एका रात्री काठ बसला.
दुसऱ्या वर्षी आणखी थोडा.
मग गाळ आला, गाळामागून पाखरं,
आणि पाखरांमागून सरकार, फलक घेऊन.
"आता इथे विनापरवाना पाय ठेवला तर दंड आहे, ताई.
पावती मीच फाडतो."
हसले. तंबाखूची चिमूट दाढेखाली सरकवली.
"बाप ह्याच जागी माच्यावर उभा राहून
गोफणीनं पाखरं हाकलायचा.
मला रोजंदारी मिळते,
त्यांना कुणी हाकलू नये म्हणून."

कोरल आठ होते हद्दीत.
नववा जिथे चौदावा खांब असायला हवा होता
त्याच्या एक हात अलीकडे, की पलीकडे,
वाकड्या चोचीनं खोल काहीतरी शोधत.
नऊ लिहिले.

पाणी येताना आधी ऐकू आलं.
कुणी खूप लांबून
ओलं धोतर फरफटत आणावं तसं.
माझी एक चप्पल तिथेच राहिली.
ती अभयारण्याची.

फॉर्मवर शेवटी शेऱ्याचा रकाना असतो,
करंगळीएवढा.
त्यात मी लिहिलं :
विहीर, एक. प्रत्यक्ष दिसली नाही.

सोमवारी कचेरीतून फोन.
कुणी नवा मुलगा, आवाज नम्र :
मॅडम, ही विहीर यादीत सापडत नाही,
स्थलांतरित धरू की स्थानिक?

म्हटलं, स्थानिक.
बारमाही.